खानसाबांचे चिरूट

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं रोज एकाच जागी टेकली की ते आपोआप साचतात, ओढ्याच्या वळणाला काटक्या साचतात तसे. आमची जागा म्हणजे चौसाळ्याचा सरकारी मुसाफिरबंगला. राज्य निजामाचं, बंगला निजामाचा आणि त्याची राखण करायला खानसाब. पोलीस पाटील, मेंढरं राखणारा सोपान आणि मी, असे आम्ही तिघं संध्याकाळी त्यांच्या पायरीवर. माझ्या भाड्याच्या बैलगाड्या होत्या. शाळा मी फार पाहिली नाही. पण चिरूट कसा ओढावा ते मला विचारा. शिकवणारा पक्का होता.

खानसाबांचा एकुलता एक मुलगा यूसुफ. बंगल्याची राखण करणार नाही म्हणाला आणि मद्रासकडं रेल्वेत गेला. जाताना बाप म्हणाला, "पुन्यांदा तोंड दाखवू नको." मुलगाही त्याच रक्ताचा. त्याने तोंड दाखवलं नाही. दर दिवाळीच्या सुमारास मात्र चिरुटांची एक पेटी बार्शी स्टेशनवर यायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी कापूस घेऊन बार्शीला गेलो की यूसुफच्या ओळखीचा तिथला गार्ड ती माझ्या हाती द्यायचा. खानसाब पेटी उघडायचे, वास घ्यायचे आणि दारावरच्या पडद्याकडं तोंड करून म्हणायचे, "ऐकलं का, यूसुफची अम्मी? हाय!"

म्हणजे पोरगा जिवंत आहे.

* * *

पहिला चिरूट पाटलांनी चिलमीसारखा ओढला. छाती भरून! डोळे वर गेले, पटका सुटला आणि दुपारची भाकरी सरकारी गुलाबाच्या वाफ्यात पडली.

खानसाब जागचे हलले नाहीत. "पाटील, धूर आत न्हाई घ्यायचा. तोंडात घोळवायचा, चव घ्यायची, सोडून द्यायचा. आहिस्ता."

पाटील तोंड पुसत म्हणाले, "आत घ्यायचाच न्हाई तर वढायचा कावून? उद्यापासून भाकर बी नुसती हुंगून ठिवतो!"

"भाकर भुकेसाठी हाय, पाटील. हे फुरसतीसाठी. तुमाला आधी फुरसत शिकावी लागंल."

* * *

सोपानाची अडचण वेगळी. दुसऱ्याच्या तोंडाचं तो तोंडाला लावत नसे. चिलमीचं बरं असतं. बुडाला ओला फडका, वर मूठ, ओठ कुठं लागत नाहीत. त्याने चिरूटही तसाच बोटांच्या बेचक्यात उभा धरला, मूठ वळली आणि अंगठ्याकडून झुरका मारला. "लई झ्याक!" म्हणाला. मग एकच चिरूट चौघांत फिरू लागला.

एकदा बंगल्यावर हैदराबादचे कोणी बडे साहेब उतरले होते. ते खिडकीतून आम्हाला पाहत होते. शेवटी बाहेर आले. "ये क्या तरीका है?"

खानसाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हुजूर, इधर के खानदानी लोगां ऐसाच पीते."

सकाळी साहेब निघाले तेव्हा उजव्या तळव्याला लोणी चोळलेलं होतं. जळतं टोक त्यांनी मुठीच्या आत धरलं होतं!

* * *

आमच्याकडचा उन्हाळा चिरुटाला सोसत नाही. पान तडकतं. म्हणून खानसाब पेटी रांजणाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवत. एका दुपारी सोपानाची शेळी तिथं शिरली आणि एक चिरूट खाऊन बसली. सोपानाला घाम फुटला.

"खानसाब, चुकी झाली. शेळीच ठिवून घ्या."

"घाईत खाल्ला का सावकाश?"

"सावकाश. डोळे मिटून, रवंथ करीत."

"मग राहू दे. पाटलांपरीस तिला बरं जमलं."

पाटील तिथंच बसले होते!

* * *

एका साली माझा बैल गेला. वासरू होता तेव्हापासून माझ्या हाताखालचा. मी गोठ्यात बसून राहिलो. लोक येत, चार शब्द बोलत, जात. खानसाब आले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि चिरूट पेटवला. दिवसाला एक चिरूट, हा त्यांचा नेम. तो त्यांनी सणावारालाही मोडला नव्हता.

तो चिरूट संपला. मला वाटलं, आता उठतील.

त्यांनी खिशातून दुसरा काढला.

* * *

मग एका दिवाळीला बार्शीला पेटी आलीच नाही. मी रिकाम्या हाताने परत आलो. "गाडी चुकली आसंल," खानसाब म्हणाले. पुढच्या खेपेलाही पेटी नव्हती. गार्डाला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी खानसाबांनी जुनी पेटी काढून पाहिली.

जुन्या पेटीत एक चिरूट उरला होता. पाटलांना अचानक खोकला झाला. सोपानाची दाढ दुखू लागली. मी नको म्हणालो. ती पेटी रिकामी झालेली आमच्यापैकी कोणालाच पाहायची नव्हती.

एका संध्याकाळी पडद्याआडून भाबींचा आवाज आला. "बापू, तुमी तरी सांगा यांना. पोराला बोलवा म्हणावं."

मी सांगितलं. खानसाब म्हणाले, "तोंड दाखवू नको म्हटलंय मी त्याला. माझा शब्द हाय."

"तुमचा हाय. आमचा न्हाई," मी म्हणालो.

पाटलांनी पटका नीट केला. "बापू, उद्या बार्शीला जा अन् त्या गार्डाला सांग. यूसुफ आसंल तिथनं त्याला चौसाळ्याला हजर करायचं. पोलीस पाटलाचा हुकूम हाय. ह्यात बापाचा काय संबंध?"

"पाटील, बार्शी इंग्रजाची. पुढं सगळा मुलूख इंग्रजाचा. तुमचा हुकूम तिथं कोण मानतंय?"

"ज्याला यायचं हाय तो मानंल."

खानसाब जमिनीकडं बघत राहिले. नको म्हणाले नाहीत.

* * *

तो आला. माझ्याच गाडीतून. डब्यांच्या मध्ये सापडून एक पाय कायमचा अधू झाला होता. गेले कित्येक महिने तो दवाखान्यात पडून होता, आणि तसं कळवायचं नाही म्हणून कळवलं नव्हतं. काठी टेकत उतरला; पण बापाकडं गेला नाही. आधी पाटलांसमोर उभा राहिला.

"पाटील, हुकूम होता. हजर हाय."

"माझ्याम्होरं कशाला? फिर्यादी तिकडं बसलाय."

पडदा सारून भाबी उघड्या अंगणात आल्या. आम्ही माना खाली घातल्या. बऱ्याच वेळाने वर पाहिलं, तेव्हा खानसाबांची नजर त्या पायावर होती. यूसुफने काखेतली पेटी पुढं केली. खानसाबांनी ती घेतली, एक चिरूट काढला, तोंडात धरला आणि काडी ओढली.

चिरुटाचं बंद टोक कापल्याशिवाय धूर येत नाही. हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. आज त्यांनी टोक कापलंच नाही. गाल आत जात होते, बाहेर येत होते. धुराचा पत्ता नाही. काडी विझली, त्यांनी दुसरी ओढली. तीही विझली.

सोपान तोंड उघडणार, तोच पाटलांनी त्याच्या पायावर पाय दिला.

खानसाबांनी चिरूट तोंडातून काढला, बोटांत फिरवून पाहिला, पुन्हा तोंडात धरला.

"पोरा," ते म्हणाले, "आसा चिरूट आजवर आला न्हवता."