आसनेच्या उतारावरचा हात

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. ‘का झालं’ हे विचारायची सवयच लागलेली. म्हणून हा अनुभव बरेच दिवस कुणाला सांगितला नाही... आणि सांगितला तेव्हा अर्धाच.

माझी बहीण अर्धापूरला दिलेली. दाजींची केळीची बाग आहे. मे महिन्यात सुट्टीला म्हणून मी माझी जुनी, सेकंडहँड घेतलेली कार घेऊन तिच्याकडे गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी गाडीतून जळल्याचा वास आला. तिथल्या मेकॅनिकनं बोनेट उघडून पाहिलं आणि वायरिंग गेलंय म्हणाला. आग नको लागायला म्हणून त्यानं बॅटरीच काढून टाकली आणि गाडी नांदेडला न्यायला सांगितली. बॅटरी नाही म्हणजे इंजिन नाही, हॉर्न नाही, आणि वर गेलेल्या काचा खाली येणार नाहीत.

दाजी म्हणाले, आपल्या पिकअपला दोर बांधू आणि नेऊ ओढत. पण बहिणीनं दोराला साफ नकार दिला. मग गावातल्या एका दुकानातून भाड्यानं टो-बार आणला. म्हणजे दोन गाड्यांच्या मधे लावायचा लोखंडी दांडा, दोन्हीकडं जाड पिन. दुकानदार भलता काटेकोर निघाला. मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसला पाहिजे आणि तिचा ब्रेक चालू पाहिजे, नाहीतर दांडा देणार नाही, असं त्यानं आधीच बजावलं. कायदाच तसा आहे म्हणे. इंजिन बंद असताना पेडल जड लागतं, पण ब्रेक लागतो. त्याच्यासमोर गाडी ढकलून मी दाबून दाखवला. चाकं जागेवर थांबली. मागं ‘टोइंग’ असा पुठ्ठा बांधून आम्ही निघालो.

दाजी पुढं पिकअपमधे, मी मागं माझ्या गाडीत एकटा. काही वाटलं तर फोन करायचा, असं ठरलेलं.

काचा बंद, एसी नाही, वर मेचं ऊन. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. रस्ता सपाट होता, त्यामुळं बराच वेळ ब्रेकला पाय लावायची गरजच पडली नाही. दाजी अगदी हळू चालवत होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधेच एखादा ट्रक आम्हाला ओलांडून जायचा. मी स्टिअरिंग धरून बसलेलो, थोडा पेंगुळलेलाच म्हणा ना...

आसना नदीचा पूल जवळ आला. पुलाच्या अलीकडं रस्ता उतरतो. त्या उतारावर डांबराचं काम चालू होतं, दहा-बारा बायका घमेली घेऊन खडी टाकत होत्या. उतार सुरू व्हायच्या जरा आधी दाजींनी पिकअप हळूच डाव्या बाजूला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, त्यांना पाणी प्यायचं असेल.

ते उतरून माझ्याकडं आले. मी दार उघडलं.

“काय झालं रे?” ते म्हणाले. “कवापासून हात दाखवून राहिलास. फोन करायचा ना.”

मी म्हणालो, “मी कुठं हात दाखवला, दाजी?”

“अरे, आरशात दिसत होता की. खिडकीतून बाहेर काढून...” एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर माझ्या खिडकीवर होती. काच वरपर्यंत बंद. दाजींनी तिच्यावर बोट टेकवून पाहिलं.

काहीतरी करायचं म्हणून मी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला. पेडल सरळ खाली गेलं. अगदी तळाला. कसलाच विरोध नाही. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं ब्रेकचं तेल ओघळत होतं. तेवढ्यात दाजींनी मला हाक मारली. दांड्याची माझ्याकडची पिन जवळजवळ बाहेर आलेली, नुसत्या टोकावर अडकलेली. तिला अडवणारी क्लिप कुठं पडली कुणास ठाऊक.

उतारावर ती पिन निसटली असती तर बिनब्रेकची गाडी, आत मी, आणि खाली त्या बायका... मी रस्त्याच्या कडेला बसून घेतलं. दाजींनी चाकांना दगड लावले.

शेवटी नांदेडहून क्रेन बोलावून गाडी नेली.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. ब्रेकची नळी गंजलेली होती, वाटेत फुटली, हे कळतं. हादऱ्यांनी क्लिप निघाली, हेही कळतं. आरशात मागच्या एखाद्या मोटारसायकलवाल्याचा हात दिसला असेल का? पण दाजी म्हणतात, हात तुझ्याच खिडकीतून येत होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि बाही पांढरी होती, मनगटापर्यंत. मी त्या दिवशी निळा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

गाडी माझ्याआधी कुणाची होती, ते शोधावं असं एकदा मनात आलं. नाही शोधलं. काय विचारणार होतो मी त्यांना?

दिवाळीत भेटलो तेव्हा दाजींना एकच विचारलं. तो हात घाईघाईनं हलत होता का? घाबरल्यासारखा?

त्यांनी स्वतःचा तळवा खाली करून हवेत हळूच दोनदा दाबल्यासारखा केला.

“न्हाई. घाई अजिबात नव्हती. घरचं माणूस बाजूला बसून म्हणतंय बघ, जरा सावकाश... तसा.”

त्या दिवशी गाडीत मी एकटाच होतो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. हल्ली ‘एकटाच’ म्हणताना मात्र जीभ जरा अडखळते.