आईचा पासपोर्ट आणि शेवंताकाकूची साक्ष

आमच्या घरात चमत्काराला दार उघडत नसत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून नवस, अंगारे, कौल सगळं बंद. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्याला काय म्हणायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगतो. तिखटमीठ लावायची खोड आहे, तेवढी सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहरात, राजारामपुरीत टायपिंगचा क्लास चालवायचो. आई गावाकडे, कबनूरच्या जुन्या घरी राहायची. तिथं यंत्रमागांचा खडखडाट असा, की सारी गल्ली प्रेमाच्या गोष्टीसुद्धा ओरडून बोलायची. वडील गेल्यावर आईनं एकच इच्छा बोलून दाखवली होती, श्रीलंकेत अनुराधपूरला जो बोधिवृक्ष आहे त्याच्यासमोर एकदा हात जोडून उभं राहायचं. त्या वर्षी वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारातली मंडळी तिकडे निघणार होती. आईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे दाखवायचं ते यंदाच दाखवा." सगळ्यांचे पासपोर्ट आले, तिच्या सोबतीला जाणार होतो म्हणून माझाही. आईचा येईना.

शेवटी मी पुण्याला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी फाईल उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "अर्जदार मयत आहेत."

"कोण मयत?"

"पोलीस रिपोर्ट तसाच आलाय. वाईट वाटलं हो."

"अहो बाई, कालच तिनं मला भाकऱ्या बांधून दिल्यात!"

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. पोलिसांकडून नवा रिपोर्ट आल्याशिवाय त्यांना काहीच करता येणार नव्हतं. परतीच्या एसटीत मला मधेच हसू येत होतं आणि मी बोटांवर पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजत होतो.

उलगडा गल्लीत झाला. हवालदार चौकशीला आला तेव्हा आई दळण आणायला गेली होती आणि शेजारची शेवंताकाकू दारात शेंगा फोडत बसली होती. आदल्या वर्षी पाण्याच्या नळासाठी बायकांनी मोर्चा काढला होता, त्यात आई सर्वांत पुढे. त्यामुळे खाकी कपडे दिसताच काकूची खात्रीच पटली, की हा आईला धरायला आलाय. तिनं तो प्रसंग मला अभिमानानं करूनच दाखवला.

"म्या म्हटलं, ती व्हय? ती कवाच गेली. त्यो म्हणतोय, कुठं गेली? म्या वर बोट केलं. डोळ्याला पदर बी लावला की!"

"काकू, अगं पासपोर्टची चौकशी होती ती!"

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय त्येनं? खाकी घालून आल्यावर मला काय कळतंय, विमानाचं काम हाय म्हणून?"

आणि सगळ्या गल्लीनं माना खाली घालून तिला दुजोरा दिला होता. एवढं सुरेख नाटक मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते नेमकं माझ्याच आईच्या जिवावर उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ठाण्यात गेलो. तिला पाहून हवालदार खुर्चीतून अर्धा उठला. मग त्यानं वाट सांगितली. "रिपोर्ट वर गेलाय. तो खोटा ठरवायचा तर खोटं कुणी सांगितलं ते नाव पायजे. मावशी, त्या बाईवर लेखी तक्रार द्या. तिला आणून बसवतो, केस करतो. तुमचा पासपोर्ट मोकळा."

मी पेन काढलं होतं. आई म्हणाली, "शेवंताला हितं बसवणार?"

"बसवावं लागंल की."

"मग ऱ्हाऊ दे."

"आई," मी कुजबुजलो, "खोटं तिनंच सांगितलं ना? आपण खरं तेच लिहितोय."

"खरं हाय रं. पण माझ्यासाठीच बोलली न्हवं ती? तिला ह्या पायऱ्या चढाय लावून मी त्या झाडाखाली कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?" मग हवालदाराकडे वळून म्हणाली, "दादा, तुमची बी चूक न्हाय. ऐकलं ते लिवलंसा." आणि उठली.

घरापर्यंत मी धुमसत होतो. संध्याकाळी शेवंताकाकू रडत आली, "मलाच धरून न्या म्हणावं." आईनं तिला शेजारी बसवलं, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मग विहारात निरोप धाडला, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. आवाजात तक्रार नव्हती. तिचा तो शांतपणा बघून मला जास्तच राग आला, कारण यंदा नाही तर कधीच नाही, हे फक्त मला माहीत होतं.

काही दिवसांनी हवालदार साध्या कपड्यांत सायकलवरून आला. गल्लीतली दारं पटापट बंद झाली.

"मावशी, नवा रिपोर्ट गेला. हयात म्हणून."

"आन् शेवंता?"

"तिचं नावच न्हाय कुठं. माझंच घर चुकलं, भलत्या गल्लीत चौकशी केली, असं लिवून दिलं. सायबानं झाप झाप झापलं."

आईचा चेहरा गंभीर झाला. "म्हंजे तुम्ही बी खोटं लिवलंसा?"

"तुमच्या पंचशीलात बसत नसंल, मावशी. माझ्या डायरीत बसलं."

आई हसली आणि शेजारच्या घरातून शेवंताकाकू चहा घेऊन धावली. निघताना मी त्याला विचारलं, का केलंत? तो सायकल वळवत म्हणाला, "ठाण्यात दिवसभर माणसं एकमेकाची नावं देत असत्यात. त्या दिवशी घरी गेलो तर घास उतरंना."

मंडळी निघायच्या आदल्या दिवशी पोस्टमननं पासपोर्ट आईच्या हातात ठेवला. मध्ये कुणी कुणी घाई केली असेल, कुठल्या टेबलावर कुणाला दया आली असेल, मला माहीत नाही. विहारात तिची जागा कुणीच घेतली नव्हती.

अनुराधपूरला पांढऱ्या कपड्यांतली गर्दी सावकाश पुढे सरकत होती. आईला फांद्या स्पष्ट दिसत नव्हत्या, पण ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हिरवं दिसतंय रं. लई हिरवं." तिच्या ओंजळीत कमळं होती. तिनं विचारलं, "त्या हवालदाराचं नाव काय?" त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण मी कधी वाचलीच नव्हती. "असू दे," ती म्हणाली. एक फूल त्याच्यासाठी वाहिलं, एक शेवंतासाठी, उरलेली फुलं कुणाचं नाव न घेता. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. रिकामी ओंजळ तशीच धरून उभी राहिली.

शरणगमन, म्हणजे ‘बुद्धं सरणं गच्छामि’, मी लहानपणापासून म्हणत आलोय, बहुतेक वेळा बाहेरच्या चपला जाग्यावर असतील ना, याचा विचार करत. ते रिकाम्या हातांनी म्हणायचं असतं, हे मला त्या दिवशी दिसलं. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी आजही मानतो.

वर्षभरात आईला दिसेनासं झालं. मग संध्याकाळी दारात बसून ती त्या झाडाबद्दल सांगायची, आणि शेवंताकाकू दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी विचारायची, "मग गं?"