विनोदनं कमी केलेला लाईट

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारी बाई. आज मीच लिहितेय... कारण दोन वर्षं मनात ठेवून थकले.

आम्ही धनजला राहतो, मी आणि धाकटा भाऊ विनोद. विनोद दहा वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता. किडन्या गेल्या आणि घरी आला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावती – नेणारी मीच. त्याने हट्टाने दोन फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी करून जिवंत कोरल, म्हणजे समुद्रातली प्रवाळं, आणली. मी साधी पांढरी ट्यूब लावू म्हटलं, तर म्हणाला, "ताई, याइले निळा उजेड लागते वं!" मग पुण्याहून एलईडी मागवला. मोबाईलवर चालणारा नको, आमच्याकडे रेंज नाही. म्हणून हाताने फिरवायच्या दोन बटणांचा घेतला. पाण्याच्या वर वीतभर टांगला. निळा सत्तर टक्क्यांवर, पांढरा वीसवर. जास्त केला तर कोरल पांढरी पडून मरतात.

त्या सकाळी काच पुसताना नीट दिसावं म्हणून मी दोन्ही बटणं फुल्ल केली. तेवढ्यात बाथरूममधून धप्पकन आवाज आला. विनोद पडला होता, शुद्ध नव्हती. शेजाऱ्यांनी गाडी काढली. मी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. लाईट तसाच राहिला. नंतर आठवलं, पण तेव्हा कुणाला कोरलांचं पडलं होतं?

दोन दिवस अमरावतीत आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं तेव्हा त्याने डोळे उघडले. पहिलं वाक्य –

"लाईट फुल्ल काहून ठेवला होता वं? कोरलं जळून गेली असती ना."

हे मी कुणालाच बोलले नव्हते.

"तुले कोणं सांगितलं?"

"कोण सांगनार? मीच कमी करून आलो." आणि झोपला.

संध्याकाळी कपडे आणायला एसटीने घरी गेले. कुलूप जसंच्या तसं. आत टाकीवर मंद निळा उजेड. निळा सत्तर, पांढरा वीस. कोरल छान फुललेली.

प्लगला टायमर आहे, पण तो फक्त चालू-बंद करतो. बटणं फिरवत नाही. घाईत मीच कमी केला असेन, असं कुणीही म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं... पटत नाही. विनोद बरा आहे, पण त्याला यातलं काहीच आठवत नाही.

मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता शोधायची ताकदही नाही. एकच सल राहिलाय. तो खरंच घरी गेला असेल, तर त्या बाकड्यावरून, माझ्या समोरूनच गेला असेल ना... मग मला हाक का नाही मारली?