जावई, कोळी आणि तांबड्या मुंग्या

अधिक महिन्यात जावई होऊन सासुरवाडीला जाणं धोक्याचं असतं. माणूस फुगतो. आगाशीला पोचल्यापासून पाटावर बस, ओवाळून घे, अनारसे खा, एवढंच काम. आपण काहीही बोललो तरी समोरचे माना डोलावतात. गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये माझं एक वाक्य कोणी पुरतं ऐकून घेत नाही, त्यामुळे मला हे फारच मानवलं.

सकाळी सासूबाईंबरोबर वाडीत गेलो. वाडी त्यांची एकटीची. केळीला पाणी, मोगऱ्याची तोडणी, सगळं त्याच बघतात. पण हल्ली माझा मेहुणा मागे लागला होता, "आई, तुझी नजर गेलीये, एकटी वाडीत जाऊ नकोस." त्या ऐकत नव्हत्या.

आंब्याच्या खालच्या फांदीवर एक तांबडी मुंगी जरा वेगळीच चालत होती. थांबायची, मध्येच उडी मारायची. मी फुंकर घातली तर धाग्याला लोंबकळली! फोटो काढला आणि मोबाईलवर एक लेख थोडासा वाचला. कोळी होता तो, उड्या मारणारा. मुंगीसारखं अंग, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले. मुंग्या कडकडून चावतात म्हणून बाकीचे प्राणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासारखं दिसलं की आपोआप संरक्षण.

"आई, या मुंग्या नाहीतच. कोळी आहेत. चावत नाहीत."

"आम्हाला तर चावतात हो."

"तुमचा गैरसमज आहे तो."

बघितला होता मी एकच. उरलेल्या फांदीचा निकाल मी तिथेच लावून टाकला. एरवी सासूबाईंनी मला वेड्यात काढलं असतं, पण वाणाच्या दिवशी जावयाला खोटं पाडायचं नाही, असा त्या घरचा रिवाज.

जेवणाआधी त्या पुन्हा वाडीत गेल्या, पाडाला आलेला आंबा जावयाला आपल्या हातानं काढून द्यायचा म्हणून. आंबे उतरवायची लांब काठी, झेला, घेतला नाही. जावयांनी सांगितलंय ना. मुंग्यांनी पानं चिकटवून केलेल्या घरट्याशेजारून त्यांनी सरळ हात घातला.

परत आल्या तेव्हा एका हातात आंबा होता, दुसरा पदराखाली. पदर सरकला तेव्हा दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, टम्म सुजलेला हात. त्या लेखाचा उरलेला भाग मी तेव्हा वाचला. हा कोळी राहतो मुंग्यांच्याच आसपास. म्हणजे तो दिसला की खऱ्या मुंग्या तिथं असणारच.

"अगं, जन्म गेला तुझा या झाडाखाली!" मेहुणा ओरडला. "घरटं दिसलं नाही तुला?"

"नाही दिसलं," सासूबाई म्हणाल्या. "मीच वेंधळी."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मी काय सांगत होतो? उद्यापासून वाडीत मी जाणार. तू घरी बसायचं."

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "चूक माझी आहे. मीच त्यांना म्हणालो, हे कोळी आहेत, चावत नाहीत."

मेहुणा हसला. "भाऊजी, तुम्ही कशाला तिला पाठीशी घालताय?"

मी मोबाईल काढला. फोटो त्याच्या नाकाखाली धरला. "हा बघ कोळी."

"ही मुंगी आहे."

"पाय मोज, आठ आहेत!"

"सहा पाय आणि दोन मिशा. मुंगीच, भाऊजी." फोटो हललेलाही होता. मी बायकोकडे वळलो. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "मुंगीच वाटते रे." एवढ्या वर्षांत आज नेमकं तिला भावाचं पटलं.

"आई, बघ," मेहुणा म्हणाला, "तुझ्यासाठी जावई खोटंसुद्धा बोलतात. किती मोठं मन!"

सासूबाई खरं काय ते जाणत होत्या. एक शब्द त्या बोलल्या असत्या तर वाडी त्यांच्याकडेच राहिली असती. पण मग वाणाच्या दिवशी मी खोटा पडलो असतो. त्यांनी त्या सुजलेल्या हातानं माझ्या ताटात आणखी एक अनारसा ठेवला. "घ्या हो," म्हणाल्या.

मी तोही खाल्ला.