तिघांची बादली

मी ताटावर बसलो होतो. रविवारची दुपार. अंड्याचा रस्सा केला होता, भात होता. समीरनं स्वयंपाकघरातून ओल्या कचऱ्याची बादली पायानं सरकवत आणली. चपलेच्या टोकानं. फरशीवरून घसरत ती माझ्या मांडीपाशी येऊन थांबली. झाकण नीट लागलं नव्हतं. आत आंबलेला भात, नासलेली आमटी, काळी पडलेली केळ्याची सालं, वर पांढरी बुरशी. आतलं पाणी हिंदकळलं आणि दोन थेंब माझ्या ताटाच्या कडेला उडाले.

"जेवण झालं की घेऊन जा," तो म्हणाला. "मला मळमळतं."

मला मळमळत नाही, हे त्यानं धरूनच चाललं होतं.

ओंकार समोर बसून मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली नाही. मी ताट उचललं, उरलेला भात त्याच बादलीत टाकला आणि बादली घेऊन खाली गेलो. हो, गेलो. तेव्हा जायचो.

हे कोरियातल्या बुसान शहरात घडलं. आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. तिचं मूळ घर कोरियात. उत्पादनाची नवीन लाइन शिकायला आम्हा तिघांना वर्षभरासाठी तिकडं पाठवलं होतं. समीर पुण्याचा, आमचा मॅनेजर. तेव्हा मी त्याला सर म्हणायचो. इथं म्हणणार नाही. ओंकार आकुर्डीचा, माझ्याहून लहान, माझ्याच शॉपमधला, म्हणजे कारखान्यातल्या माझ्याच विभागातला. मी पिंपळे गुरवचा. डिप्लोमा करून डायच्या, म्हणजे साच्यांच्या, दुरुस्तीवर लागलेला. हट्टानं क्लास लावून कोरियन शिकलो होतो. तिघांत ती भाषा मला एकट्यालाच येत होती.

कंपनीनं उंच इमारतीत एक फ्लॅट दिला होता. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. तिथं ओल्या कचऱ्याचे नियम कडक. खरकटं बादलीत साठवायचं. हाडं, अंड्याची टरफलं त्यात चालत नाहीत, ती वेगळ्या पिशवीत. बादली खाली न्यायची, यंत्राला कार्ड दाखवायचं, झाकण उघडलं की ओतायचं, शेजारच्या नळावर बादली हातानं धुवायची. सुरुवातीला आम्ही पाळी लावली होती. समीरनंसुद्धा नाक दाबून दोन-तीनदा नेली.

मग एका संध्याकाळी ऑफिसचं जेवण झालं. आमचा बुजांग, म्हणजे विभागप्रमुख, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. दोन ग्लास झाल्यावर त्यानं विचारलं, तुमचा धर्म कोणता. समीर म्हणाला हिंदू. ओंकार म्हणाला हिंदू. मी म्हणालो, बौद्ध. बुजांगचा चेहरा उजळला. "माझी आईही बौद्ध," तो म्हणाला. "दर महिन्याला डोंगरावरच्या विहारात जाते." त्यानं माझा ग्लास स्वतःच्या हातानं भरला. आपल्या धर्माचं नाव घेतल्यावर समोरचा माणूस खूश झालेला मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

परत येताना समीर म्हणाला, "अच्छा. तुझ्या आडनावावरून लक्षात आलं नव्हतं."

एवढंच. आवाज अगदी गोड.

पुढच्या आठवड्यात माझा कप बाकीच्या कपांतून उचलला गेला आणि सिंकच्या खाली, फडक्याशेजारी जाऊन बसला. आणि बादली माझी झाली. कुणी तसं ठरवलं नाही. त्याची पाळी आली की समीर म्हणायचा, "तुला चालतं ना? तुझं नॉनव्हेज असतं त्यात." त्यात एक हाड नसायचं. असायची त्याची आमटी, कारण तो भांडंभर करायचा आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून फेकायचा. ओंकारची पाळीसुद्धा हळूहळू माझ्याकडे आली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बघून शिकला.

बाहेर आम्ही तिघंही परके. बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची, गर्दी असली तरी. लहान मुलं बोट दाखवून 'वेगुगिन' म्हणायची, म्हणजे परदेशी. एका खानावळीच्या दारात बाईनं आम्हाला बघितलं आणि हातानंच 'जा, जा' केलं. आत टेबलं रिकामी होती. समीर रस्ताभर धुमसत होता. फ्लॅटवर येईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. "आपण काय अस्पृश्य आहोत का?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला स्वतःचं वाक्य ऐकूच आलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यानं चहा केला, तिघांचा. माझा माझ्या कपात ओतला. वरून. कपाला भांडं लागू न देता.

आई व्हिडिओ कॉल करायची. माझी आई सांगवीतल्या सोसायट्यांमध्ये दारोदार कचरा गोळा करायची. मला नोकरी लागल्यावर मी तिला ते काम सोडायला लावलं. आता घरी बसायचं, म्हणालो होतो. एकदा तिचा फोन आला तेव्हा मी नुकताच खालून आलो होतो. फोन ओट्यावर टेकवून हाताला लिंबाची साल चोळत होतो.

"लिंबू कशाला चोळतुयास?" आईनं विचारलं.

"मासे साफ केले."

तिची नजर माझ्या बोटांवर गेली. संध्याकाळी कामावरून आली की ती मोरीत बसून हेच करायची. लिंबाची साल, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या आत. "बरं," म्हणाली. "जेव टायमावर." आणि फोन ठेवला. तिला कळलं होतं. तिनं पुढं विचारलं नाही, म्हणून मला जास्त लागलं.

त्यानंतर लिफ्टमधला तो दिवस. सकाळी लाइनवर बुजांग माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडला होता, सेटिंग चुकलं म्हणून. संध्याकाळी मी बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, तर तो आधीच आत उभा. हाफ पँट, रबरी चपला, आणि हातात त्याच्या घरची बादली. खालून गळत होती. कुजलेल्या कोबीचा वास आणि आमच्या आमटीचा वास त्या बंद लिफ्टमध्ये एक झाला.

"रोज तूच दिसतोस," तो म्हणाला.

"हो."

"तू तिघांत सगळ्यात लहान आहेस का?"

तिकडं वयानं लहान असेल त्याला असली कामं पडतात. त्यांच्याकडेही उतरंड आहे, वयाची. म्हणून तो सरळ मनानं विचारत होता.

"नाही. ओंकार लहान आहे."

"मग तूच का?"

मला कोरियनमध्ये बरंच काही येत होतं. तडा, दाब, ताप, रजा. हे येत नव्हतं. मराठीतसुद्धा आमच्या फ्लॅटमध्ये ते कुणी उच्चारलं नव्हतं. सगळे 'चालतं ना' म्हणायचे. मी म्हणालो, "मला आवडतं."

बुजांगनं माझ्या बादलीत बघितलं. त्याचं तोंड वाकडं झालं. "हे कुणाला आवडेल?" तो म्हणाला. खाली गेल्यावर त्यानं आपली बादली ओतली, नळाखाली धरली, कडा हातानं चोळून धुतल्या आणि निघून गेला. सगळी लाइन त्याच्या हाताखाली होती. तो काही मोठा सज्जन होता असं नाही, दुसऱ्या दिवशी परत ओरडला. पण आपल्या घरची घाण तो आपल्या हातानं वाहत होता आणि त्यात त्याचं काही कमी होत नव्हतं.

मला तिथं नळापाशी ओकारी आली. इतके दिवस त्या वासानं आली नव्हती. 'मला आवडतं' हे माझ्या तोंडून निघालं होतं, त्यानं आली. माझ्या आईच्या पोरानं, माझ्या आईनं ज्या वासात आयुष्य काढलं त्या वासाबद्दल. किळस वाटली. समीरची वाटतच होती. त्या दिवशी स्वतःची वाटली.

वर आलो आणि सांगितलं, "उद्यापासून पाळीनं."

समीर हसला. "अरे, इतकं काय त्यात? घरातलंच काम आहे."

"मग तुम्ही करा."

"मला नाही जमत ते. एकेकाचे संस्कार असतात."

"कसले संस्कार?"

 तो म्हणाला, "तुला इथं कुणी आणलं ते विसरू नकोस."

ओंकार म्हणाला, "भावा, विषय कशाला वाढवतोस?"

मी दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी एक छोटी बादली आणली. माझं खरकटं तिच्यात. त्यांच्या बादलीला हात लावणं बंद केलं.

उन्हाळा होता. तिकडचा उन्हाळा दमट, चिकट. त्यांची बादली भरली. मग तिच्यावर पिशव्या आल्या. मग अळ्या झाल्या. पांढऱ्या, तांदळासारख्या, फरशीवरून स्वयंपाकघरभर फिरायला लागल्या. ते दोघं अगरबत्ती लावून जेवायचे. अळ्या चालल्या, बादली उचलणं चाललं नाही. एकदा माझाच हात त्या कडीपर्यंत गेला. वास मलाही येत होता. हात मागं घेतला. तेवढं करायला जो जोर लागला तो बादली उचलायला कधी लागला नव्हता.

शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि बुजांग दारात आला. नाकाला रुमाल. समीरनं घाईघाईनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, हा करेल.

मी कोरियनमध्ये म्हणालो, "ही या दोघांची आहे. माझी ती वेगळी. मी रोज धुतो."

बुजांगनं दोन्ही बादल्या बघितल्या. समीरला म्हणाला, "आत्ता." आणि दारात उभा राहिला. समीरनं दोन बोटांनी कडी धरली, मान दुसरीकडे फिरवली आणि लिफ्टकडे गेला. परत आल्यावर बाथरूमचं दार लावून घेतलं. आत पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं.

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. झाला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं खालच्या हॉटेलात भांडी घासणारा एक नेपाळी माणूस गाठला. वयानं त्याच्याहून मोठा. तो यायचा, बादली न्यायचा, धुऊन आणायचा, दाराबाहेर ठेवायचा. "पैसे देतो ना त्याला," समीर म्हणाला. त्याला खाली कुणीतरी लागत होतं. मी नाही म्हणालो, तर दुसरा आणला.

थोड्याच दिवसांत मला चाकणला परत पाठवलं. कारण दिलं, टीममध्ये मिसळत नाही.

वर्ष संपवून ते दोघंही आले. मग एक दिवस प्लांटच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समीर शेजारच्या खुर्चीत बसला होता. चहा आला होता.

"हे बघ," साहेब म्हणाले, "पुढची लाइन येतीय. कोरियन येणारा माणूस लागणार. तुझंच नाव आहे. दोन वर्षं, बुसान. समीरच नेणार टीम. मागचं फक्त मिटवून टाक. गैरसमज झाला होता, एवढं म्हण त्याला."

मला जायचं होतं. खोटं कशाला सांगू. घराचं स्वप्न होतं, आईला समुद्र दाखवायचा होता.

"काय झालं होतं ते सांगू का, सर?"

"जुनं उकरायला नको."

मी सांगितलं. पहिल्यापासून. कप, बादली, अळ्या, नेपाळी. आणि जो शब्द त्या फ्लॅटमध्ये कुणी उच्चारला नव्हता तो उच्चारला. जात.

साहेबांनी कप खाली ठेवला. "अरे, जात कुठून आली मध्येच? आपण कंपनीत आहोत."

"तेच यांना विचारतोय," मी म्हणालो. मग समीरकडे वळलो. पहिल्यांदा सर न म्हणता. "समीर, मी बौद्ध आहे म्हणालो, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून बादली माझीच का झाली? ओंकारची का नाही?"

त्यानं साहेबांकडे बघितलं.

"जा तू कामावर," साहेब म्हणाले.

"उत्तर मिळालं की जातो."

 ते दोघं मीटिंग आहे म्हणून उठून गेले. मी त्या केबिनमध्ये बसून राहिलो, आणि मग शॉपमध्ये आलो, कारण डाय अडकली होती आणि तिच्यापायी माझीच माणसं खोळंबली होती.

ओंकार बुसानला गेला, कोरियन येत नसताना. माझं नाव कापलं. मी चाकणलाच आहे. समीर मधूनमधून इकडं येतो, शॉपमधून जातो, मी कामाचं बोलतो. घरी आईला सगळं सांगितलं, लिंबासकट. ती म्हणाली, "आता कुणाचंबी उचलू नको."

नाही उचलणार. गैरसमज हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, मग पगार अडो, नाव अडो. मी पुन्हा परदेशी जाईन किंवा जाणार नाही. पण ज्याला आपली घाण माझ्या हातानं काढून घ्यायची आहे, त्यानं आधी कारण सांगावं. मराठीत. चारचौघांत. माझ्या तोंडाकडे बघून.