वजनकाट्याची जागा

दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात मी नवजात बाळांच्या वॉर्डची सिस्टर आहे. दर जानेवारीत प्रसूतिगृहातून आमच्याकडे येणारी कितीतरी बाळं हातापायांना गार लागायची. आम्ही तिकडच्या सिस्टरना बोल लावायचो, त्या आम्हाला.

गेल्या हिवाळ्यात नांदेडकडची एक तरुण डॉक्टर आमच्या वॉर्डात आली. कानावर मराठी पडल्याने मी खूश होते, पण तिने गुणवत्ता सुधारण्याचा अभ्यास करू म्हटलं आणि माझा चेहराच उतरला.

"अजून एक रजिस्टर का, मॅडम?"

"नाही हो ताई. चूक कुणाची ते राहू द्या. बाळ नेमकं कुठे गार पडतं, तेवढंच शोधू."

आठवडाभर मी प्रत्येक बाळाचं तापमान दोनदा घेतलं. प्रसूतिगृहातून निघताना बाळ उबदार, आमच्या दाराशी येईतो गार. मधे तर नुसता पॅसेज! शेवटी तिकडच्या वयस्क आयाबाईंना विचारलं.

"रास्ते में वज़न होता है ना सिस्टर," त्या म्हणाल्या. "काँटा तो बाहर रखा है."

भर वाऱ्यात बाळाचं दुपटं सोडून त्याला थंडगार स्टीलच्या ताटलीत ठेवत होते. त्या काट्याशेजारून मी वर्षानुवर्षं ये-जा करत होते.

"उद्या फक्त सकाळच्या पाळीत काटा प्रसूतिगृहाच्या आत ठेवून बघू," डॉक्टर म्हणाली. पण तो स्ट्रेचरच्या वाटेत यायला लागला आणि तिथल्या मुख्य सिस्टर भडकल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसली. "बिल्कुल ठीक! काय जमत नाही ते एका दिवसात कळलं."

दुसऱ्या दिवशी काटा तिथल्याच, बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारच्या टेबलावर ठेवला, ताटलीत गरम कापड अंथरलं. ते जमलं. हळूहळू सगळ्या पाळ्यांत तसंच सुरू झालं. भिंतीवर आलेखाचा कागद लावला, रोजचा एक ठिपका. गार बाळांची रेघ खाली उतरू लागली तशी मी हरखले.

"थांबा ताई," डॉक्टर म्हणाली, "थंडीही ओसरतेय. खरं काय ते पुढच्या जानेवारीत कळेल."

या जानेवारीत धुक्याने दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या घराच्या बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. हॉस्पिटलात मात्र रेघ खालीच राहिली. बाळं आमच्या हातात उबदार येत होती. ठिपका आता आयाबाईच काढतात, पेन दुसऱ्या कुणाला देत नाहीत.