वालाचा मांडव

मावशींनी पहिले दोन महिने मला काही पेरूच दिलं नाही. पालापाचोळा गोळा करायचा, वाफ्यांवर अंथरायचा आणि बघत राहायचं. अंबडची आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. बिनऔषधाची भाजी पिकवायला शिकायचं म्हणून मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या अर्ध्या एकरावर जायला लागलो. त्या मला सायेब म्हणायच्या, चिडवायला. "लय घाई तुमाला, सायेब. गांडूळ काय हजेरी लावून कामाला येतंय का?"

बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या दिरांची द्राक्षबाग. द्राक्षाला औषध लागतंच, आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरने मारलं की फवारा वाऱ्यावर लांबवर जातो. पण बांधालगतच्या चार ओळींत दीर ब्लोअर घालायचे नाहीत. तिथे खाली उतरून, वारा बघून, हातातल्या नळीने मारायचे. कागदावर काही नव्हतं. वहिनींनी सांगितलं, त्यांनी ऐकलं, एवढंच. त्या चार ओळींच्या भरवशावर मावशी शहरातल्या घरांना शब्द द्यायच्या, माझ्या भाजीवर औषधाचा थेंब नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या चार दिवस देवळ्याला गेल्या. जाताना वालाच्या मांडवाखाली थांबल्या. "ढगाळ हाय. मावा पडंल. पडू द्या. मागनं ढालकिडे येत्यात, ते खात्यात त्याला. तुमी हात बांधून बसा."

दुसऱ्या दिवशी वालाचे शेंडे माव्याने काळे झाले. लाल पाठीचे ढालकिडेही दिसले, पाच-सहा. मला ते पुरे वाटेनात. कंपनीत मशीन बंद पडल्यावर हात बांधून बसणारा माणूस कामाचा नसतो, ते अंगात मुरलेलं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मांडव माझ्या हातून गेला, हे त्यांना दिसू नये असं वाटलं. दुकानातून औषधाची लहान बाटली आणली, त्यांच्याच पंपात कालवली आणि सकाळी मारून टाकली. मग पंप तीनदा धुतला.

मावा मेला. ढालकिडेही मेले. मांडवाखाली मधमाश्या पडल्या होत्या, काहींचे पाय अजून हलत होते. त्या मी पायानेच पाल्याखाली ढकलल्या.

मावशी परत आल्या की आधी पाला उचलून जमीन बघायच्या. हे मला माहीत असायला हवं होतं.

या वेळीही त्यांनी पाला उचलला, खाली मेलेल्या माश्या. त्या तशाच उठून बांधावर गेल्या. "भाऊजी, तुमी हिकडं ब्लोअर घातला."

"नाय घातला, वहिनी. शपथ."

"मग माश्या काय आपसूक मेल्या?"

"तुमच्या सायबाला इचारा की. पंप होता त्याच्या पाठीवर. मी पायलाय."

त्या माझ्याकडे वळल्या. "काय मारलं होतं?"

"जीवामृत," मी म्हणालो. शेण-गोमूत्राचं ते पाणी करायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

"शिकाया आलेल्या माणसावर ढकलताय?" त्या दिरांना म्हणाल्या. "लाज वाटू द्या."

दीर वळून बागेत गेले. पुढच्या फवारणीला त्यांचा ब्लोअर थेट बांधापर्यंत आला. बोलणी खायचीच आहेत तर करून खाऊ, असं ते गावात म्हणाल्याचं कानावर आलं. म्हणजे माझं खोटं त्यांनी खरं करून दिलं.

मावशी घरोघर स्वतः सांगायला गेल्या, की आता माझा शब्द राहिला नाही, भाजी दुसरीकडून घ्या. मी बरोबर होतो, रिकाम्या टोपल्या धरून. एका बाईंनी विचारलं, "दीर कबूल तरी झाले का हो?" मावशी "नाय" म्हणाल्या. मी टोपल्यांकडे बघत राहिलो. महिन्याभराने गुडघा दुखतो म्हणून जाणं बंद केलं.

तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात, गेलो. वाफे नाहीत, मांडव नाही. सगळा झेंडू. "फुलं कोणी खात नाय," त्या म्हणाल्या. "गुडघा कसा हाय?"

गुडघ्याला काही झालंच नव्हतं. तिथूनच मी सांगायला सुरुवात केली.

माझं सांगून होईपर्यंत त्या फुलं तोडत होत्या. मग म्हणाल्या, "देवळ्याहनं आले तवा पंप धुतलेला बघितला मी. म्हनलं, शिस्तीचा माणूस हाय."

पलीकडे ब्लोअर सुरू होता. त्या बांधाकडे निघाल्या. मी म्हणालो, "मी सांगतो त्यांना."

"तुमी नका सांगू. तुमच्या सांगण्यावर एकदा झालंय."

बांधावर जाऊन त्या उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला आला. दिरांनी वहिनींकडे बघितलं, आणि ट्रॅक्टर वळवून पुढच्या ओळीत घातला. फवारा झेंडूवर आला, त्यांच्यावर आला. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. ट्रॅक्टर परत येईपर्यंत थांबल्या. तो आला, तसाच वळला, तरी थांबल्या.

मी मागे सरकलो होतो, फवारा पोचणार नाही इतका. तोंडावर रुमाल धरून.